डावीकडची खिडकी

सित्रातल्या गॅरेजवाल्यांमध्ये कॉर्नेलियस तुस्कानोचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जायच्या. एक म्हणजे स्टिअरिंगच्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या बहारीनमध्ये कोणी नाही. दुसरी म्हणजे त्याला काही सांगायला जाऊ नये, तो ऐकून घेत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि पहिलीमुळेच दुसरी आली होती. माणसाचा हात सारखा बरोबर ठरत गेला की त्याचे कान हळूहळू बंद होतात.

वसईजवळच्या भुईगावातून तो इथं आला तेव्हा मिशी काळीभोर होती. आता ती पांढरी झाली होती आणि गुडघे कुरकुरत होते, पण गाडीखाली शिरला की गडी सगळं विसरायचा. गॅरेज सादचं होतं. साद बहारीनी, वयाने त्याच्याहून बराच लहान, मनाने मोकळा, आणि डोक्यात रोज काहीतरी नवं खूळ. सध्याचं खूळ होतं जपानी पिटुकले ट्रक. इंजिन मोटरसायकलपेक्षा थोडंसंच मोठं, पेट्रोल चिमणीच्या चोचीने पिणारे, आणि बाब अल बहरीनच्या जुन्या बाजारातल्या गल्ल्यांतून आरामात वळणारे. कॉर्नेलियसने पहिला ट्रक कंटेनरमधून उतरताना पाहिला तेव्हा तो पोट धरून हसला होता. "आपल्याकडे छोटा हत्ती म्हणतात, हे तर त्याचंही पिल्लू," म्हणाला.

पिल्लू खरं, पण ते माणसात आणणं सोपं नव्हतं. जपानमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. बहारीनमध्ये सगळं उलटं. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे असतं, आणि उजव्या स्टिअरिंगची गाडी पासिंगला नेली तर आल्या पावली परत पाठवतात. मग कॉर्नेलियसने काय करायचं, तर डॅशबोर्ड उकलायचा, स्टिअरिंग या अंगाचं त्या अंगाला न्यायचं, पेडलं हलवायची, ब्रेकच्या नळ्या नव्याने वळवायच्या. वायपर उलटे बसवायचे. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून काचासुद्धा बदलायच्या. इतकं करूनही डॅशबोर्ड असा जुळवायचा की गाडी जन्मापासून अशीच होती असं वाटावं. त्याच्या हातचा एकही ट्रक पासिंगहून परत आला नव्हता, आणि हे तो भेटेल त्याला सांगायचा.

एका संध्याकाळी रिचेल घरी आली आणि बॅग न ठेवताच सोफ्यावर बसली. हॉटेलने तिच्या अख्ख्या डिपार्टमेंटला नारळ दिला होता. रिचेल त्याची एकुलती एक मुलगी. जन्म इथला, शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच. भुईगावला ती सुट्टीत जायची, डास चावले म्हणून चिडायची आणि परत आली की 'होम' म्हणायची. आता नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला म्हणजे हे होम गेलं. तिची आई पॅट्रिशिया हॉस्पिटलमध्ये नर्स. रडणारी माणसं रोज बघणारी ती बाई, पण त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

वाट सादनेच काढली. त्याची बहीण हमीदा, तिचं छोटंसं उपाहारगृह होतं. तिच्या लायसन्सवर एक चहा-नाश्त्याचा ट्रक चालवता येईल आणि तिच्याच व्हिसावर रिचेलला ठेवता येईल, पण ट्रक रस्त्यावर असला तरच. ट्रक बंद तर व्हिसा बंद. आणि ट्रक तर दारातच उभा होता. नव्या कंटेनरमध्ये एक बंद डब्याचा ट्रक आला होता, जपानमध्ये कोणी त्यातून पाव विकत असावं. डब्याला डाव्या बाजूला खिडकी, खिडकीवर वर उचलायची फळी, आतल्या उजव्या भिंतीला ओटा आणि शेगडीची जागा.

"तुझं नशीब जपानहून आलं गो," कॉर्नेलियस म्हणाला.

हा ट्रक त्याने जसा केला तसा दुसरा कुठला केला नसेल. सुट्टीच्या दिवशीही तो गॅरेजात असायचा. प्रत्येक बोल्ट दोनदा आवळायचा. ब्रेक तर असे बसवले की पाय नुसता टेकवावा. रिचेल डबा घेऊन यायची, स्टुलावर बसायची आणि बापाला काम करताना बघायची. तिचा पडलेला चेहरा हळूहळू उजळत होता, आणि ते पाहून त्याला गाडीखालीसुद्धा गाणं सुचायचं.

अशाच एका दुपारी ती ट्रकभोवती फिरली, खिडकीपाशी थांबली, आणि तिने विचारलं, "व्हिच साइड, डॅडा? व्हेअर विल पीपल स्टँड?"

तो गाडीखालूनच म्हणाला, "फुटपाथला. आणखी कुठं?"

"बट..."

"रिचेल, डाव्या बाजूची खिडकी फुटपाथलाच येते. पाववाल्याने काय रस्त्यात पाव विकले असतील? तू मेनू बघ, गाडी मी बघतो."

ती मेनूचा कागद घेऊन स्टुलावर बसली. बापाने हयात गाड्यांत घालवलेली, आपल्याला काय कळतं, असं तिला वाटलं असणार. आणि तो? तो रोज याच बहारीनमध्ये, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकत घरी जायचा. पण गॅरेजात रस्ता नसतो, फुटपाथ नसतो. तिथे ट्रक भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि कॉर्नेलियसच्या डोक्यात डावी बाजू म्हणजे फुटपाथ, हे भुईगावच्या एसटी स्टँडपासून पक्कं बसलेलं. त्याने वायपर फिरवले, दिवे फिरवले, आरसे फिरवले. खिडकी तेवढी राहिली. तुम्हाआम्हालाही ती खटकली नसती, कारण आपलंही डोकं तिकडचंच.

पासिंगवाल्यांनी स्टिअरिंग पाहिलं, ब्रेक पाहिले, दिवे पाहिले आणि शिक्का मारला. खिडकी कुठल्या बाजूला असावी हे त्यांच्या तपासणीत नव्हतं. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात फादरांनी ट्रकवर पवित्र पाणी शिंपडलं. पॅट्रिशियाने पहाटे उठून वसईकडचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोडसर गोळे, तळले होते. शेजारचे शिरीष आणि स्मिता हे पुण्याचं जोडपंही कौतुकाने आलं होतं, आणि शिरीष तर इंजिनीअर, तोही ट्रकला टिचक्या मारून "वा, कॉर्नेलियसराव!" म्हणाला. आवार मोकळं होतं, माणसं चहूबाजूंनी उभी होती. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

रविवारी सकाळी रिचेलने सित्रात, कंपन्यांच्या बसेस थांबतात तिथे, ट्रक उजव्या कडेला लावला. कॉर्नेलियस तिच्या मागेच स्वतःच्या गाडीतून आला होता. तो खाली उतरला, आणि त्याच वेळी रिचेलने आतून खिडकीची फळी वर ढकलली.

खिडकी रस्त्याकडे उघडली.

फुटपाथच्या बाजूला डब्याची कोरी भिंत होती आणि खिडकीसमोर सित्राचा रस्ता, त्यावरून टँकर, डंपर, बसेस. बसमधून उतरलेले कामगार चहाचा वास घेत आले, भिंतीपाशी थबकले, आणि मग मुकाट्याने वळसा घालून रस्त्यात जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ वाहतुकीला. रिचेलने खिडकीतून बापाकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

"गाडी उलटी लाव," तो घाईघाईने म्हणाला. तिने ट्रक वळवून वाहतुकीच्या उलट तोंडाने लावला. खिडकी फुटपाथला आली, त्याचा जीव भांड्यात पडला, आणि थोड्याच वेळात पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. उलट्या तोंडाने गाडी लावायची नाही. आज सांगतोय, उद्या सांगणार नाही.

तो तडक सादकडे गेला.

"खिडकी दुसऱ्या बाजूला घ्यायला लागेल."

सादने आधी त्याच्याकडे आणि मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. डावा, उजवा. मग कपाळावर हात मारून हसला. "या अल्ला. कॉर्नी, मैंने भी नहीं देखा." पण हसू लगेच मावळलं. "देखो, बॉडी काटोगे तो पासिंग खलास. नया पासिंग. उस तरफ चूल्हा है, गॅस है. टाइम लगेगा. उतने दिन ट्रक बंद, हमीदा का काम बंद, फिर रिचेल का व्हिसा? और मेरा दस ट्रक पोर्ट पे आ रहा है. इन्स्पेक्टर बोलेगा, ये गॅरेज का सब गाडी फिर से दिखाओ. थोडा सबर करो. ये दस निकल जाने दो, फिर काटेंगे, इंशाल्ला."

सादचं बोलणं चुकीचं नव्हतं, आणि कॉर्नेलियसला तेच हवं होतं. चूक झाली हे सगळ्यांसमोर कापून दाखवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. रिचेलला त्याने सांगितलं, थोडे दिवस सांभाळून घे, मग करतो.

"ओके, डॅडा," ती म्हणाली.

सांभाळून घ्यायचं म्हणजे काय, तर कॉर्नेलियस रोज सकाळी पिवळं चमकणारं जाकीट घालून ट्रकच्या मागे रस्त्यात उभा राहायला लागला. हातवारे करून टँकरवाल्यांना बाजूला घ्यायला लावायचा, रांगेतल्या माणसांना "अंदर, अंदर" म्हणून ट्रकला चिकटवायचा. ड्रायव्हर हॉर्न मारायचे, काही जण हसायचे. सित्रातला सगळ्यात मोठा कारागीर चहाच्या गाडीचा हवालदार झाला, अशी गॅरेजवाल्यांत चेष्टाही झाली. त्याला चेष्टेचं काही वाटेना. त्याला वाटत होती ती भीती. प्रत्येक टँकरच्या चाकांवर नजर ठेवायची, आणि तो पुढे निघून गेला की पुढच्याची वाट बघायची.

इकडे धंदा मात्र छान चालला होता. फुगे तर पहिल्या बसलाच संपायचे. जमालुद्दीन नावाचा एक हैदराबादी वेल्डर रोज सगळ्यात पुढे असायचा. दाढी पांढरी, आवाज मऊ. रिचेलला 'बिटिया' म्हणायचा आणि तिच्या हिंदीला हसायचा. चहा घेऊन तो बाजूला व्हायचा नाही. खिडकीपाशीच कोपर टेकवून प्यायचा, आणि आपल्या नातीच्या गोष्टी सांगायचा. कॉर्नेलियस ओरडायचा, "चाचा, अंदर!" चाचा हसून एक पाऊल आत सरकायचे.

मग सादचे दहा ट्रक आले. सादचा फोन सकाळीच आला, पोर्टवर ये, गाड्या सोडवायच्या आहेत, तुझ्याशिवाय कोणाला कळणार. कॉर्नेलियसने जाकीट हातात घेतलं होतं. त्याने ते परत ठेवायला पॅट्रिशियाच्या हातात दिलं.

"आज एक दिवस नाही गेलो तर चालेल," तो म्हणाला.

"चालेल का?" पॅट्रिशियाने विचारलं.

"अगो, एकच दिवस."

पोर्टवर तो नव्या ट्रकच्या डॅशबोर्डखाली वाकून बघत असताना फोन वाजला. रिचेल होती. पाठीमागे माणसांचा गलका होता, आणि त्यातून तिचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. चाचा, चाचा.

पाण्याच्या टँकरचा आरसा जमालुद्दीनच्या खांद्याला लागला होता. टँकर वेगात नव्हता, म्हणून माणूस वाचला. खांद्याचं हाड मोडलं, दंड दोन ठिकाणी मोडला. पॅट्रिशियाच्याच हॉस्पिटलमध्ये त्याला आणलं. वेल्डरचा उजवा हात. पॅट्रिशिया कॉर्नेलियसला वॉर्डाच्या दाराशी भेटली. तिने त्याला पलंग दाखवला आणि आपल्या कामाला निघून गेली.

जमालुद्दीन शुद्धीवर होता. कॉर्नेलियसला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"माफ करना भाई," तो म्हणाला, "मेरी गलती है. रोड पे खडा था मैं. बिटिया को बोलो, रोना नहीं."

पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. माणूस रस्त्यात उभा होता. ट्रक कडेला नीट लावलेला, कागद पुरे, पासिंग झालेलं. रिचेलची चूक नाही, गॅरेजची चूक नाही. साद हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर थांबला होता, त्याने कॉर्नेलियसच्या पाठीवर हात ठेवला. "कागज सब सही है, कॉर्नी. तुम पे कुछ नहीं आएगा."

कॉर्नेलियसला त्या हाताची शरम वाटली. काहीतरी आलं असतं, कोणी चार शिव्या घातल्या असत्या, तर तो भांडला असता, आपली बाजू मांडली असती. इथे सगळे त्याला सोडून देत होते. मोडलेल्या हाताचा माणूससुद्धा त्याचीच माफी मागत होता. तो पायऱ्यांवरच बसला आणि लहान पोरासारखा रडला. साद शेजारी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉर्नेलियसने ट्रक गॅरेजात आणला. शेगडी काढली, गॅसची नळी काढली, ओटा उकलून बाहेर ठेवला. आतली उजवी भिंत मोकळी केली. साद दारात उभा राहून बघत होता.

"काटोगे?"

"काटूंगा."

"फिर पासिंग होगा की नहीं, मालूम नहीं. बॉडी में सपोर्ट उधर ही है."

"मालूम है."

"और रिचेल?"

कॉर्नेलियस मोकळ्या भिंतीवरून हात फिरवत राहिला. खिडकी कापली आणि ट्रक पुन्हा पास झालाच नाही, तर पोरीला जन्मभूमी सोडून त्या डासांच्या गावात जावं लागणार, आणि तिला तिथे पाठवणारा तिचा बापच असणार. आणि न कापावी, तर उद्या खिडकीपाशी दुसरा कोणी चाचा कोपर टेकवून उभा राहणार. रात्रभर त्याने हे दोन्ही बाजूंनी घोळवून पाहिलं होतं. साद दारातून आत आला. मग त्याने फोन काढला आणि आतल्या खोलीत गेला. हमीदाशी बोलताना त्याचा आवाज चढलेला ऐकू येत होता, पण तो काय सांगत होता ते कळत नव्हतं.

रिचेल आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ती हॉस्पिटलमधून थेट आली होती. तिने उकललेला ओटा पाहिला, बाहेर ठेवलेली शेगडी पाहिली, आणि ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आता ऑपरेशन करणार," तिने इंग्रजीत सांगितलं. "हात पूर्ण उचलता येईल की नाही, डॉक्टरांना माहीत नाही."

कॉर्नेलियसने मान हलवली. खिशातून खडू काढला. पत्र्यावर खुणा करायचा पांढरा खडू, जो आजवर त्याने दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नव्हता. माप घ्यायचं ते त्याने, आखायचं ते त्याने, कापायचंही त्यानेच, असा त्याचा रिवाज होता. त्याने खडू तिच्यापुढे धरला.

"कुठं कापू ते तू दाखव."

रिचेलने खडू घेतला. ट्रकला वळसा घालून ती उजव्या बाजूला आली, दोन पावलं मागे गेली, जणू फुटपाथवर उभं राहून बघते आहे. मग पुढे येऊन तिने पत्र्यावर एक चौकोन काढला. रेघा वाकड्या आल्या. एरवी कॉर्नेलियसने त्या पुसून पट्टीने नीट आखल्या असत्या.

खडू परत देताना ती त्याच्याकडे न बघता बोलली, आणि पहिल्यांदाच मराठीत. शब्द अडखळत आले, भुईगावच्या आजीच्या तोंडचे असावेत असे.

"मी विचारलं होतं ना, डॅडा."

"हो," तो म्हणाला. "विचारलं होतंस."

त्याने चष्मा चढवला, ग्राइंडर चालू केला, आणि तिच्या वाकड्या रेघेवरूनच कापायला सुरुवात केली.